सकाळचा पाव तास कोणाच्या हिशोबात?

नाना, राम राम.

आम्ही दोघं भाऊ, पारोळा तालुक्यातले. तीन वर्षांपूर्वी एक जुनं बॅकहो घेतलं, गावाकडे सगळे जेसीबीच म्हणतात तसलं. मीटरवर आता 7,800 तास झालेत. शेततळी, नाल्यातला गाळ, घरांचे पाये, पाइपलाइनच्या चाऱ्या अशी कामं असतात. ताशी 1,100 रुपये भाडं मिळतं. ऑपरेटरला महिना 15,000 आणि तासामागे 40 रुपये भत्ता देतो. यंदा मशीनने रडवलं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर इंजिन तापून बंद पडलं, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवावं लागलं. त्यात 85,000 रुपये आणि 11 दिवस गेले. त्याआधी महिनाभर ऑपरेटर रोज बोअरचं पाणी टाकून चालवत होता. जूनमध्ये मागच्या बूमची, म्हणजे खोदणाऱ्या हाताची, पिन-बुश (सांध्यातला खिळा आणि त्याभोवतीचं कडं) गेली, 32,000. पोळ्याच्या आठवड्यात होज (ऑइलची रबरी नळी) फुटून सगळं हायड्रॉलिक ऑइल शेतात सांडलं. ऑपरेटर ग्रीसिंग करत नाही, सांगून सांगून थकलो. हंगामात सर्व्हिसिंगला वेळच नसतो. धाकटा भाऊ म्हणतो, दसऱ्याआधी विकून टाकू. हप्ते अजून दीड वर्ष आहेत. खर्च कमी कसा करू?

– एक वाचक, पारोळा तालुका

भाऊ, राम राम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बिलांचे आकडे तुम्ही नीट लिहिलेत, पण एक आकडा सुटलाय. तो आधी मांडू या. 11 दिवस मशीन उभं होतं. आखाजीच्या सुमाराला दिवसाचे नऊ तास कुठेच जात नाहीत, म्हणजे 99 तास. ताशी 1,100 मधून पाच लिटर डिझेलचे साधारण 460 आणि भत्त्याचे 40 वजा केले तर तासाला 600 रुपये हातात राहतात. 99 तासांचे झाले 59,400. हे बिल कुठल्या वर्कशॉपने फाडलं नाही, म्हणून ते तुमच्या वहीत आलं नाही. पण 85,000 चं ते दुखणं 1,44,400 रुपयांना पडलं. ऑपरेटरचा 11 दिवसांचा पगार, बँकेचा हप्ता आणि ज्याचं शेततळं अर्धवट राहिलं तो शेतकरी दुसऱ्याचं मशीन घेऊन गेला, हे अजून धरलेलंच नाही.

हा हिशोब तुम्हाला टोचावा म्हणून मांडला नाही. देखभालीला लागणारे पैसे डोळ्यांना दिसतात आणि उभ्या मशीनचे दिसत नाहीत, म्हणून मालकाचा हात नेहमी देखभालीच्याच खर्चावर पडतो. मी तीस वर्षं हेच पाहत आलोय.

आता ऑपरेटरचं बोलू. "सांगून सांगून थकलो" असं तुम्ही लिहिता, तिथे मी तुमच्या बाजूने नाही. त्याचा भत्ता कशावर आहे? मशीन चाललेल्या तासांवर. ग्रीस गन हातात घेऊन तो बकेटखाली वाकतो तेव्हा इंजिन बंद असतं आणि त्याचा भत्ताही बंद असतो. सात वाजता शेतकरी बांधावर घड्याळ बघत उभा असतो. उशीर झाला तर पहिला फोन तुमचाच जातो, "अजून सुरू का नाही केलं?" अशात कोणता पोरगा सोळा-वीस निपलांना (ग्रीस भरायच्या तोंडांना) ग्रीस मारत बसेल? मग तो त्याच्या भाषेत म्हणतो, "मशीन चाली ऱ्हायनं ना भो, मंग काबर हात लावना?" आळस असेलही थोडा. पण त्या पाव तासाला तुम्ही किंमतच ठेवली नाही, त्यामुळे त्यानेही ठेवली नाही.

म्हणून खर्च कमी करायचा माझा पहिला सल्ला खर्च वाढवण्याचा आहे. ऑपरेटरला रोज सकाळच्या तपासणीचे आणि ग्रीसिंगचे 100 रुपये वेगळे द्या. पगारात मिसळू नका. आठवड्याच्या बाजारादिवशी, वही पाहून, रोख हातात द्या. महिन्याला 25 दिवस धरले तर 2,500, अख्खं वर्ष मशीन चाललं तरी 30,000. यंदा होजचं सोडून तुमची दोन बिलं 1,17,000 ची आहेत. आणि शेतकऱ्याला सातऐवजी साडेसातची वेळ द्या. अर्ध्या तासाने कोणाचं शेततळं अडत नाही.

वही चहाच्या टपरीवर बसूनही भरता येते, हे मला माहीत आहे. त्यावर उपाय एकच. पहिला आठवडा तुम्ही स्वतः त्याच्यासोबत अंगाला ग्रीस लावून घ्या. नंतर आठवड्यातून एकदा न सांगता जा आणि पिनच्या कडेला बोट फिरवा. ताजं ग्रीस मऊ आणि स्वच्छ लागतं, जुनं काळं आणि मातीने खरखरीत.

त्या पाव तासात काय पाहायचं? मशीन सपाट जागेवर, बकेट जमिनीला टेकलेली, इंजिन थंड. आधी खाली वाकून जमिनीवर डाग आहे का ते बघायचं. रात्रभर उभ्या मशीनखालची माती खरं सांगते. मग ऑइलची कांडी. पातळी खाली गेली तर सगळ्यांना कळतं, पण पातळी वर गेली तर लोक खूश होतात, आणि ती जास्त वाईट खूण आहे. ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरतंय असा तिचा अर्थ. अशा वेळी मशीन चालूच करू नका. मग कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली, फॅन बेल्ट, टायरची हवा (ती सकाळी थंड टायरलाच मोजायची) आणि डिझेलच्या वॉटर सेपरेटरचा खालचा नळ सोडून तळाचं पाणी काढणं. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवली तर रात्री आत पाणी कमी धरतं. शेतात ड्रममधून डिझेल भरत असाल तर ड्रम हलवून लगेच ओढू नका, तळाचा गाळ तळाला राहू द्या.

आता इंजिन तापलं त्याबद्दल, कारण ते बिल तुम्ही टाळू शकला असता.

ऑपरेटर महिनाभर रोज पाणी टाकत होता, हे तुम्ही सहज लिहून गेलात. पण भाऊ, ती बातमी होती. कूलिंगची यंत्रणा बंद असते, तिला रोज पाणी लागायचं काही कारण नाही. पाणी कमी होतंय म्हणजे ते कुठून तरी जातंय: होजच्या क्लॅम्पमधून, वॉटर पंपाच्या सीलमधून, रेडिएटरच्या सांध्यातून, झाकणाच्या रबरातून, नाहीतर हेडखालच्या गॅस्केटमधून थेट इंजिनात. पहिल्या आठवड्यात शोधलं असतं तर कदाचित एका क्लॅम्पवर किंवा झाकणावर भागलं असतं.

दुसरं, ते पाणी बोअरचं. आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती क्षारांचं असतं ते घरच्या बंबात हात घालून पाहा. तोच पांढरा थर इंजिनाच्या आतल्या वाटांमध्ये बसतो आणि मग पाणी फिरत असूनही उष्णता बाहेर येत नाही. लोक म्हणतात, आपल्याकडे बर्फ पडत नाही तर कूलंट कशाला. कूलंटने पाण्याचा उकळबिंदू वाढतो आणि आतलं गंजणं थांबतं, खान्देशात त्याची गरज त्यासाठी आहे. तयार मिसळलेलं कूलंट घ्या, किंवा कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. रेडिएटरचं झाकणही किरकोळ समजू नका. ते आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी उशिरा उकळतं. स्प्रिंग ढिली झालेलं झाकण बदलायला फारसे पैसे लागत नाहीत. फक्त गरम इंजिनावर ते कधीही उघडायचं नाही. वाफेने चेहरा भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

तिसरं, बाहेरून. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 44-45 पर्यंत जातो, तुमच्याकडेही फार कमी नसतो. रेडिएटर बाहेरच्या हवेनेच थंड होतो. ती हवाच एवढी तापलेली असेल तर त्याच्याकडे मोकळीक उरत नाही. थंडीत अर्धी बुजलेली जाळी चालून जाते, तीच आखाजीला मशीन उभं करते. कपाशीचा वाळलेला पाला, गवताचे तुरे, मुरुमाची पूड, वर ऑइलचा ओलावा, असा गोधडीसारखा थर पत्र्यांच्या मध्ये बसतो आणि समोरून दिसतही नाही, कारण तो बऱ्याचदा ऑइल कूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असतो. होळीच्या आधी ती फट उघडून साफ करा. हवा नेहमी उलट्या दिशेने मारायची, म्हणजे घाण जिथून आत आली तिथूनच बाहेर पडते. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारू नका, पातळ पत्रे वाकतात आणि वाट कायमची बंद होते. हंगामात मग दर दोन-तीन दिवसांनी नुसती हवा पुरते.

एअर फिल्टरबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी लिहितो, कारण माझं पहिलं इंजिन त्याने खाल्लं. पांझरेच्या काठी मुरुमाचं काम होतं. माझा हेल्पर रोज दुपारी फिल्टर काढून टायरवर आपटायचा, धुळीचा ढग उडायचा, आणि मला वाटायचं पोरगा किती काळजी घेतो. हंगाम संपेपर्यंत मशीन धूर टाकू लागलं, ऑइल पिऊ लागलं, चढावर दम सोडू लागलं. खोललं तर रिंग आणि लायनर घासून गेलेले. आपटून आपटून फिल्टरच्या कागदाला घडीवर बारीक चिरा गेल्या होत्या, त्यातून मुरुम थेट सिलिंडरमध्ये. त्या पोराला मी रागावलो नाही, कारण त्याला कधी शिकवलंच नव्हतं. नंतर समजलं की फिल्टरवर थोडी धूळ बसली की तो उलट जास्त बारीक गाळतो. रोज काढण्याने फायदा नाही, दर वेळी काढताना-बसवताना थोडी धूळ आत पडते ती वेगळीच. फिल्टरचा इंडिकेटर लाल झाला की काढा. साफ करायचाच तर कमी दाबाची हवा आतून बाहेर. मग आत दिवा धरून अंधारात पाहा, उजेडाचा ठिपका दिसला की फिल्टर फेका. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतोच, तो फक्त बदलायचा. आणि फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप व क्लॅम्प हाताने चाचपा. तिथे फट असेल तर फिल्टर कितीही भारी असो, उपयोग नाही.

ग्रीसकडे येऊ. आपल्या आजोबांच्या बैलगाडीला वंगण लागायचं, ते घातल्याशिवाय गाडी शिवाराबाहेर जात नसे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा लोण्या-हळदीने मळतात, कारण वर्षभर सगळं ओझं त्याच एका जागेवर आलेलं असतं. बॅकहोच्या बूमची पिन म्हणजे तो खांदा. पिन आणि बुशमध्ये ग्रीसचा थर नसला तर लोखंडावर लोखंड घासतं, ढिलाई येते. एकदा बकेट खडखडायला लागली की प्रत्येक दणक्याने भोक लंबगोल होत जातं, आणि शेवटी वेल्डिंग करून भोक पुन्हा गोल कोरावं लागतं. तुमचे 32,000 तिथे गेले. निपल आधी फडक्याने पुसायचं, नाहीतर गन मातीच आत ढकलते. मग कडेने नवं ग्रीस दिसेपर्यंत मारायचं. निपल ग्रीस घेत नसेल तर ते सोडून पुढे जाऊ नका. बुजलेलं निपल बदलायला पाच मिनिटं लागतात.

नाल्यातल्या कामाला दिवसातून दोनदा ग्रीस लागतं. 2004 पासून शिरपूर तालुक्यात भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून पाणी मुरवण्याचं काम उभं केलं, त्यानंतर अशी कामं आपल्याकडे मशीनवाल्यांना पुष्कळ मिळू लागली. चांगलं काम आहे, मी केलंय. पण ओल्या गाळात पिना बुडतात आणि ग्रीस धुऊन निघतं. संध्याकाळी मशीन धुतलं तर ग्रीस धुतल्यानंतर मारा, आधी नाही. जूनमधली पिन बहुधा त्याआधीच्या नाल्याच्या कामातच मेली होती. आणि ती गावच्या लेथवर साध्या लोखंडाची बनवून घेतली असेल तर लवकर बदला, वरून कडक केलेली पिन लागते. बकेटचे दात दुसऱ्या कंपनीचे लावले तरी माझी हरकत नाही. फिल्टर आणि पिन यांत मात्र काटकसर करू नका.

होजचं थोडक्यात. होज एका दिवसात फुटत नाही. आधी तिला घाम येतो, मग वरचं रबर सोलून आतली तार दिसते. एक फुटली म्हणजे तिच्या वयाच्या बाकीच्याही पाहून घ्या. तुम्ही होज बदलून वरून नवं ऑइल ओतलं असेल, तर शेतात उघड्यावर त्यासोबत मातीही आत गेली असणार. हायड्रॉलिक फिल्टर आता बदलाच, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नका. ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी आहे.

आणि हे ऑपरेटरला माझ्या नावाने सांगा: गळती कुठे आहे ते हाताने चाचपायचं नाही, पुठ्ठा फिरवून पाहायचं. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाने आलेलं ऑइल कातडीतून आत शिरतं. वरून नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात जाण्याची वेळ येते. तसं झालंच तर जेवणाचीही वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना "दाबाचं ऑइल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. तसंच, उचललेल्या बूमखाली किंवा लोडरखाली टेकू लावल्याशिवाय कोणी जायचं नाही. मशीनचा खर्च भरून निघतो, पोराचा हात भरून येत नाही.

हंगामात सर्व्हिसिंगला वेळ नसतो, हे तुमचं खरं आहे. पण आपल्या काळ्या मातीने त्याची सोय करून ठेवली आहे. पाऊस पडला की मशीन शेतात उतरतच नाही, रुततं. आषाढ-श्रावणातले हे रिकामे आठवडे मोठ्या कामासाठी वापरा: पिना, सील, ब्रेक, होज, बॅटरीचे टर्मिनल. उभं ठेवताना सिलिंडरचे चकचकीत दांडे शक्य तेवढे आत घ्या, बाहेर राहतील त्यांना ग्रीस फासा. गंजलेला दांडा पुढे सील फाडतो. यंदाचा पावसाळा सरत आलाय, तरी दिवाळीपर्यंत तुमच्याकडे वेळ आहे. हंगामातली सर्व्हिसिंग मीटरच्या तासांवर बांधा. इंजिन ऑइल कुठे 250 तासांना बदलतात, कुठे 500. तुमच्या मॉडेलचं पुस्तक जुन्या मालकाकडून आलं नसेल तर मशीनच्या पाटीवरचा नंबर देऊन डीलरकडून मिळवा. धुळीच्या कामात पुस्तकातल्या तासांच्या थोडं अलीकडेच बदला. ऑइल आणि फिल्टरचा संच आधीच घरी आणून ठेवला तर अर्ध्या दिवसात उरकतं, बाजाराच्या दिवशी करा.

पैशांची तरतूदही तासांवरच. भाड्याचे पैसे आले की तासामागे 60 रुपये वेगळ्या खात्यात टाका. वर्षाला 1,500 तास चाललं तर 90,000 होतात, आणि टायर किंवा सील किट आलं की सावकाराकडे जावं लागत नाही. वहीत रोजचे तास आणि डिझेल लिहा. ताशी डिझेल वाढलं की मालकाला आधी चोरीचा संशय येतो. आधी एअर फिल्टर, इंजेक्टर आणि टायरची हवा पाहा, मग माणसावर या.

राहिला धाकट्या भावाचा प्रश्न. 7,800 तास म्हणजे मशीन म्हातारं झालं असं नाही, पण दसऱ्याआधी तपासून घ्या. गरम इंजिनावर ऑइल भरायच्या झाकणातून धूर जोरात फुंकतोय का, 100 तासांत किती ऑइल वरून घालावं लागतं, हायड्रॉलिक ऑइल तापल्यावर बूम मंद होतो का. ही तिन्ही उत्तरं वाईट आली तर भावाचं ऐका. बरी आली तर हप्ते फिटेपर्यंत तरी विकू नका. आज विकलंत तर ते तीन बिलांची कहाणी घेऊन कमी भावात जाईल, वर्षभराच्या वहीसकट विकलंत तर गिऱ्हाईक वही बघून भाव देईल. नवं घेतलं तरी ऑपरेटरचा भत्ता हाच राहिला तर दोन वर्षांनी हेच पत्र येईल. उलट नवं मशीन जास्त नाजूक आहे. एप्रिल 2021 पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना भारत स्टेज चारचे धुराचे नियम लागू झाले, त्यानंतरच्या बऱ्याच इंजिनांत कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना फार मोठ्या दाबाने डिझेल देणारी नळी) आहे, आणि त्या इंजेक्टरना ड्रममधलं गढूळ डिझेल अजिबात सोसत नाही.

आता एक करा. उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि थोडं पाणी काचेच्या ग्लासात काढा. गढूळ लाल आहे, पांढरट आहे की वर तेलाचा तवंग आहे, ते मला लिहून पाठवा. तवंग असेल तर पुढचं माझं उत्तर येईपर्यंत मशीन कामावर नेऊ नका.

तुमचा,
नाना